आराखडे पुरे, निकाल लावा!

बऱ्याच महिन्यांत इथे काही टंकलं नाही. ताईने फोनवर दोनदा विचारलं, "काय रे, लिहिणं सोडलंस का?" सोडलं नव्हतं, विषय सापडत नव्हता. मग दिवाळीत विषय स्वतः विमानाने चालत आला. म्हणजे आमचा भाचा. ऑस्ट्रेलियातून. चार दिवस हिंगणघाटला मुक्काम होता, आणि त्या चार दिवसांत आम्ही मामा-भाच्याने एवढा वाद घातला की शेवटी बायकोने चिवड्याचा डबा उचलून आत नेला. :)

भाचा तिकडे एका मोठ्या विद्यापीठात आहे हे नातेवाईकांना माहीत आहेच. पण तो तिथे नेमकं काय करतो हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तू प्रोफेसर आहेस का रे?" "नाही काकू." "मग आफिसात?" "तसंच काहीसं." त्याचा हुद्दा आहे डायरेक्टर, स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग अँड परफॉर्मन्स. मराठीत सांगायचं तर विद्यापीठाने पुढच्या पाच-दहा वर्षांत कुठे जायचं ते ठरवायला कुलगुरूंना मदत करायची, आणि जायचं म्हटलं तिकडे खरंच चाललोय का ते आकड्यांनी मोजत राहायचं. काकू म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्यानं काम केलं का नाही, ते पाहाची नोकरी. बरी आहे बाप्पा!"

काकूंचा टोमणा बाजूला ठेवू. भाच्याचा मुद्दा गंभीर होता. तो म्हणाला, "मामा, तुमच्याकडच्या विद्यापीठांचे हाल होतात कारण तिथे माझ्यासारखा माणूस नाही. प्लॅनिंग नाही, मोजमाप नाही. सगळं राम भरोसे."

इथेच माझं डोकं फिरलं. कारण मी तीस वर्षं कॉलेजात कॉमर्स शिकवलं, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं कॉलेजचा नॅक समन्वयक होतो. (कॉलेज कुठलं ते विचारू नका. हिंगणघाटचं नव्हतं, एवढंच सांगतो.) नियोजन नाही? अरे, आमच्याकडे नियोजनाचा महापूर आहे! नाही ते वेगळंच काहीतरी. ते काय, ते सांगण्यासाठीच ही पोस्ट.

आधी काय काय आहे ते मोजू. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात बीसीयूडी होतं, म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ. त्याला स्वतंत्र संचालक. मग २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. बीसीयूडी गेलं, प्र-कुलगुरू आणि अधिष्ठाता मंडळ आलं. राज्यपातळीवर माहेड नावाचा आयोग आला. प्रत्येक विद्यापीठाने दर पाच वर्षांचा बृहत् आराखडा करायचा, शिवाय दरसालचा वार्षिक आराखडा करायचा, हे कायद्यात लिहिलेलं आहे. २०१९ ते २०२४ चा झाला, मग २०२४ ते २०२९ चा झाला. त्याशिवाय नॅक, १९९४ पासून. तिच्या सात निकषांतला सहावा निकष नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा, आणि त्यात 'तुमचं धोरणात्मक नियोजन दाखवा' असं चक्क विचारलेलं असतं. त्याशिवाय एनआयआरएफ, २०१६ पासून दरवर्षी याद्या. आणि आता यूजीसीचा संस्थात्मक विकास आराखडा, तो वेगळाच. एवढं सगळं असताना कुणी म्हणालं 'प्लॅनिंग नाही', तर मी हसावं की रडावं?

बरं, बृहत् आराखड्याचं प्रत्यक्षात काय होतं? नाव केवढं भारदस्त! विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राचा अभ्यास, कुठल्या तालुक्यात किती पोरं बारावी होतात, त्यांना काय शिकायला हवं, कुठे मुलींना जायला एसटी नाही, हे सगळं त्यात असावं अशी कल्पना. आणि लोक तो उघडून वाचतात काय? तर स्थळबिंदू. कुठल्या गावाला नव्या कॉलेजचा बिंदू पडला तेवढंच. कारण बिंदू असेल तरच नव्या कॉलेजचा प्रस्ताव देता येतो. म्हणजे पाच वर्षांच्या दूरदृष्टीतून हाती काय उरलं, तर परवान्यांची यादी. ज्या गावात कॉलेज आधीच आहे आणि तिथे शिकवायला मास्तर नाही, त्या गावासाठी आराखड्यात बिंदू नसतो.

भाच्याला मी आमच्या नागपूर विद्यापीठाचा इतिहास सांगितला. ४ ऑगस्ट १९२३ ला ते स्थापन झालं तेव्हा सहा कॉलेजं होती आणि ९२७ विद्यार्थी. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. ९२७ पोरं म्हणजे आजच्या एका बऱ्यापैकी कॉलेजची पटसंख्या. तेव्हा मनात आणलं असतं तर कुलगुरूंना प्रत्येकाचं तोंड ओळखता आलं असतं. मग व्याप वाढत गेला. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, २००५ मध्ये नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आले, २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं. तरीही नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे आणि शेकडो कॉलेजं उरलीच. आपल्याकडचं मोठं विद्यापीठ म्हणजे हे. भाच्याच्या विद्यापीठासारखं एका आवारातलं गाव नव्हे, तर चार जिल्ह्यांत विखुरलेला संसार. त्याचं मुख्य काम काय? संलग्नता देणं, अभ्यासक्रम ठरवणं, परीक्षा घेणं आणि निकाल लावणं. शिकवण्याचं बहुतेक काम कॉलेजात होतं. मग अशा विद्यापीठाचा 'परफॉर्मन्स' मोजायचा तर कशावर मोजायचा? मी म्हणतो, सगळ्यात आधी निकालावर!

आता कायदा बघा. २०१६ च्याच कायद्यात लिहिलंय की शेवटच्या पेपरनंतर शक्यतो ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लावायचा. इतकं स्वच्छ, इतकं मोजता येण्याजोगं उद्दिष्ट जगातल्या कुठल्या स्ट्रॅटेजिक प्लॅनमध्ये सापडणार? कन्सल्टंट नको, कार्यशाळा नको, पॉवरपॉइंट नको. कॅलेंडर पुरे.

आणि होतं काय? २०१७ साली मुंबई विद्यापीठाने घाईघाईने संगणकावर उत्तरपत्रिका तपासायचं ठरवलं आणि निकाल महिनोन् महिने रखडले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. ती मोठी बातमी झाली, कारण ती मुंबई होती. लहान गावातल्या पोरांचे निकाल रखडले की बातमी होत नाही. त्यांचं फक्त वर्ष जातं.

हे मी ऐकीव सांगत नाही. घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहितो. माझी पुतणी, थोरल्या दादाची मुलगी. तिचं विद्यापीठ कुठलं ते मुद्दाम सांगत नाही. २०१९ चा उन्हाळा. बी.एस्सी. फायनलचा शेवटचा पेपर ८ मेला झाला. हैदराबादला एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता, आमच्या खानदानात पहिल्यांदाच कुणी परराज्यात शिकायला जाणार होतं. दादाने राखून ठेवलेला कापूस विकून पहिली फी भरली. तिकडची अट होती की १५ जुलैपर्यंत फायनलची गुणपत्रिका दाखवा. कायद्याप्रमाणे ४५ वा दिवस २२ जूनला येत होता. तीन आठवडे हाताशी होते! मीच तिला म्हणालो, "काही काळजी करू नको, कायदा आहे."

२२ जून गेला. जुलै लागला. ती रोज सकाळी फोन करायची, "काका, लागला का?" शेवटी तिला घेऊन मी विद्यापीठाच्या खिडकीवर गेलो. आतला बाबू वाईट नव्हता बिचारा. म्हणाला, "सर, मी काय करू जी? पेपर तपासाले मास्तर नाही भेटत. निकाल लागला म्हणूनच समजा." निकाल लागला असं समजून तिकडे प्रवेश मिळत नाही. निकाल लागला २४ जुलैला. ७७ वा दिवस. पोरगी पहिल्या वर्गात पास. हैदराबादची जागा आठवड्यापूर्वीच दुसऱ्याला गेली होती. फीचे पैसे परत मिळाले, वर्ष परत मिळालं नाही. पुढच्या वर्षी तिकडे अर्ज करायची तिची हिंमत झाली नाही. घराजवळच एम.एस्सी. केलं, आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जिथे मास्तर नाहीत म्हणून तिचा निकाल रखडला, तिथेच ती आता तासाच्या हिशोबाने मास्तरीण आहे!

पण खरा धक्का मला नंतर बसला. नॅकच्या विद्यापीठांसाठीच्या नमुन्यात एक आकडा विचारतात: शेवटच्या पेपरपासून निकालापर्यंत सरासरी किती दिवस लागले. सरासरी! तिथेच ग्यानबाची मेख आहे. समजा, दहा परीक्षा झाल्या. नऊ लहान लहान, प्रत्येकी २० पोरांच्या, त्यांचे निकाल २५ दिवसांत लागले. दहावी बी.एस्सी.ची, ५००० पोरांची, तिला ७५ दिवस लागले. परीक्षांची सरासरी काढा. बरोबर ३० दिवस! अहवालात लिहायला मोकळे की 'निकाल विहित मुदतीत'. आता पोरांची सरासरी काढा. ती येते ७३ दिवस. दोन्ही गणितं बरोबर आहेत. कुणी खोटं बोललेलं नाही. फक्त पाच हजार पोरं एका सरासरीत बुडाली, आणि वर बुडबुडाही आला नाही.

मी कॉमर्सचा मास्तर, हे गणित मला लगेच कळलं. कारण (आता कबुलीजबाब) समन्वयक असताना अशी गणितं मीही केली आहेत. कॉलेजच्या अहवालात 'विद्यार्थी-केंद्रित उपक्रम' लिहायचे म्हणून वृक्षारोपणाचे फोटो तीन कोनांतून काढले आणि तीन मथळ्यांखाली लावले. पालक सभा झाली नव्हती, तिचं इतिवृत्त लिहिलं. समिती आली त्या दोन दिवसांत ग्रंथालयात पोरं बसवली. मला कुणी सक्ती केली नाही. 'सगळेच करतात' एवढं पुरेसं होतं. सहा वर्षांत मी जितके तास त्या फायलींना दिले, तितके वर्गाला दिले असते तर माझी काही पोरं कॉस्टिंगमध्ये नापास झाली नसती. हे लिहिताना आजही लाज वाटते. आणि जिथे मार्क आहेत तिथे बाजारही उभा राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना लाच प्रकरणात अटक केली, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं.

भाचा हे सगळं शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, तुम्ही मोजमापाच्या विरुद्ध बोलताय की खोट्या मोजमापाच्या?" प्रश्न रास्त होता. त्याने त्याच्या कामातलं एक उदाहरण दिलं. त्यांच्याकडे पहिल्या वर्षाची बरीच पोरं गुपचूप गळायची. त्याच्या लोकांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं की सुरुवातीच्या काही आठवड्यांत जे ऑनलाइन वर्गात डोकावतसुद्धा नाहीत, तेच पुढे गळतात. मग त्यांनी काय केलं? त्या पोरांना फोन. नुसता फोन. 'बरा आहेस ना? काही अडचण आहे का?' कुणाला फी भरायची होती, कुणाला विषय बदलायचा होता, कुणी घरच्या आठवणीने रडत होता. गळती कमी झाली. "हे आकड्यांशिवाय कळलं असतं का?" तो म्हणाला.

नसतं कळलं. मान्य. मी त्याला तिथल्या तिथे मान्य करून टाकलं, आणि इथेही करतो. आकडे वाईट नाहीत.

पण मग मी त्याला विचारलं, "तुझ्या कुलगुरूंच्या भिंतीवर कुठला आकडा लावलाय रे? फोन केलेल्या पोरांचा?" तो हसला. म्हणाला, "नाही. जागतिक क्रमवारीतला." बघा! तिकडेही रोग तोच, फक्त दवाखाना चांगला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ क्रमवारीत दुसऱ्या नंबरवर होतं. २०२२ साली तिथल्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, विद्यापीठाने पुरवलेले आकडे तपासून दाखवलं की त्यात घोळ आहे. पुढच्या यादीत कोलंबिया १८ व्या नंबरवर. आपल्या एनआयआरएफमध्येही विद्यापीठांच्या यादीत शंभरातले दहा गुण नुसत्या 'लोकांना काय वाटतं' याला आहेत. आमच्या पुतणीला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही, हे वेगळं सांगायला नको. :)

तर मुद्दा असा की नियोजन आहे, मोजमाप आहे. नाही ती उलटतपासणी. ज्याचं मोजायचं तोच मोजतो, तोच लिहितो, तोच सही करतो. आमच्या हिंगणघाटच्या कापूस बाजारात गाडी आली की व्यापारी बोंड हातात घेतो, धागा ओढून बघतो, ओल बघतो. शेतकऱ्याने आपल्या गाडीला आपणच ग्रेड दिली असं कधी झालंय का? विद्यापीठांना मात्र आधी स्वतःच स्वतःचा अहवाल लिहायचा असतो.

दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी मी भाच्याला गावातली एक समाधी दाखवायला नेलं. विल्यम लॅम्बटन. हिंगणघाटच्याही किती लोकांना माहीत असेल कोण जाणे. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी ज्याने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केली, तो हा माणूस. वीस वर्षं मोजत मोजत उत्तरेकडे सरकत आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी इथे, आमच्या गावात, वारला. पुढे एव्हरेस्टने काम चालवलं, त्याचं नाव शिखराला लागलं. लॅम्बटन राहिला आमच्याकडे, वणेच्या काठच्या गावात.

मद्रासची साडेसात मैलांची पहिली रेषा साखळीने मोजायला त्याला ५७ दिवस लागले. ऊन लागून साखळी ताणली जाऊ नये म्हणून सावली करायची, तापमान टिपायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्रिकोणांचं गणित करत शेकडो मैल पुढे गेल्यावर तो पुन्हा जमिनीवर साखळी टाकून दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजायचा, आणि कागदावरचा आकडा जमिनीवरच्या आकड्याशी ताडून बघायचा. १८०८ मध्ये तंजावरला त्याचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट देवळावर चढवताना दोर तुटून आपटलं. तेव्हा त्याने बसून यंत्र दुरुस्त केलं. वाकड्या यंत्राचे आकडे रेटून नेले नाहीत.

समाधीपाशी मी भाच्याला म्हणालो, "हे बघ, तुझ्या धंद्याचा आद्यपुरुष." तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग मला हवंय काय? फार नाही. विद्यापीठात नियोजन आणि कामगिरी बघणारा जो कुणी अधिकारी असेल, त्याचा हुद्दा काहीही असो, त्याने तीनच आकडे दर महिन्याला दारावर लावावेत. एक, सगळ्यात उशिरा लागलेल्या निकालाला किती दिवस लागले आणि त्यात किती पोरं होती. सरासरी नको, शेवटचा. दोन, मंजूर जागांपैकी किती मास्तर कायम आहेत आणि किती तासिकेवर. तीन, पहिल्या वर्षाला आलेल्या शंभर पोरांपैकी किती पदवी घेऊन बाहेर पडली. आणि हे आकडे त्याने स्वतः काढू नयेत, दुसऱ्या कुणीतरी काढावेत. दुसरी रेषा, साखळी टाकून.

आणखी एक. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची, आराखडाही पाच वर्षांचा. आराखडा फसला हे कळेपर्यंत साहेब निवृत्त. नव्या साहेबाने नवा आराखडा करण्याआधी जुन्यातलं काय झालं नाही आणि का, याची दोन पानं जाहीरपणे लिहावीत. दोनच पानं, पण खरी.

भाचा म्हणाला, "मामा, हे एवढं सोपं नाही. लोक असे आकडे बाहेर येऊ देत नाहीत." मी म्हटलं, "मग तुझ्या नोकरीचा खरा भाग तोच. बाकीचं तर माझ्यासारखा मास्तर फोटो चिकटवूनसुद्धा करतो."

काल त्याचा मेलबर्नहून मेल आला. त्याने तिकडे सरासरीबरोबर शेवटचा आकडाही अहवालात टाकायला लावलाय म्हणे. कुलगुरू जरा नाराज आहेत. खरं-खोटं तो जाणे. आमच्या पुतणीला मी ते वाचून दाखवलं. ती उत्तरपत्रिका तपासत बसली होती. म्हणाली, "काका, थांबा जरा. अजून चाळीस पेपर राहिलेत. यांचा निकाल वेळेवर लागायला पाहिजे."

असो. ताई, तुझा चिरंजीव वाद चांगला घालतो. पुढच्या दिवाळीलाही पाठव. चिवडा लपवून ठेवू.